हा कॅटफिश खरंच नवा आहे का? नदीकाठापासून नामकरणापर्यंत

जाळ्यात आलेला मिशीवाला मासा कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही, तेव्हा पहिला संशय नव्या जातीचा येतो. बहुतेक वेळा तो खोटा ठरतो. मासा पिल्लू असतो, विणीच्या दिवसांतला नर असतो, कुणाच्या तरी मत्स्यालयातून सुटलेला परदेशी असतो, नाहीतर दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी चार ओळींत वर्णन करून ठेवलेला आणि पुढे भलत्याच नावाखाली गाडला गेलेला असतो. म्हणून काम उलट्या टोकाने करायचं. त्या खोऱ्यातल्या प्रत्येक जुन्या नावावर पुराव्यानिशी फुली मारायची. सगळ्या फुल्या मारूनही मासा उरला, तर मग नवेपणाची भाषा.

फुल्या किती माराव्या लागतील? मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल फेरारिस यांच्या २००७ सालच्या यादीत कॅटफिशच्या ३,०९३ वैध जाती, ४७८ प्रजाती आणि ३६ कुलं होती. आज जातींचा आकडा ४,००० च्या पुढे गेला आहे. (इथे जाती म्हणजे स्पीशीज, प्रजाती म्हणजे जीनस आणि कुल म्हणजे फॅमिली. वर्तमानपत्रांत जाती-प्रजाती हे शब्द कसेही वापरतात, त्यामुळे आधीच सांगितलेलं बरं.) सुदैवाने एका खोऱ्यात एका प्रजातीच्या जाती मोजक्याच असतात. त्यामुळे काम आवाक्यातलं आहे, फक्त चिकाटी हवी.

नमुना बिघडला की पुढचं सगळं वाया

परवान्यापासून सुरुवात करा. मासेमारीचा, संरक्षित क्षेत्राचा आणि नमुने किंवा ऊती देशाबाहेर पाठवायच्या असतील तर त्याचाही. परवान्याशिवाय गोळा केलेला नमुना चांगलं संग्रहालय घेत नाही आणि त्यावरचा लेख चांगलं नियतकालिक छापत नाही.

एका ठिकाणचे १० ते २० मासे हाताशी असले तर उत्तम. त्यात लहान, मोठे, नर, माद्या सगळे हवेत. झरा, गुहा किंवा विहिरीतली वस्ती छोटी असेल तर मोजकेच घ्या. एकाच माशावर नवी जात उभी करता येते, पण तो एकटा मासा व्यंग असलेला नाही हे कशावरून, या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं.

क्रम ठरलेला आहे: फोटो, भूल, ऊतीचा तुकडा, मग फॉर्मॅलिन. तो बदलला की काहीतरी कायमचं हातून जातं. फोटो मासा जिवंत असताना अरुंद काचेच्या पेटीत, डाव्या बाजूने, राखाडी पार्श्वभूमीवर आणि शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या. वरून, खालून आणि तोंडाचा जवळून असे आणखी तीन. मेल्यावर काही मिनिटांत रंग उतरू लागतो. फॉर्मॅलिन आणि नंतरच्या इथेनॉलमध्ये पिवळा आणि लाल रंग जातो, मागे उरते ती काळ्या-तपकिरी रंगद्रव्याची नक्षी.

भुलीसाठी एमएस-२२२ वापरत असाल तर लिटरला २५० ते ५०० मिलिग्रॅम घ्या आणि तेवढ्याच वजनाचा खाण्याचा सोडा घाला. सोड्याशिवाय पाणी आम्लधर्मी होतं आणि मासा तडफडतो. लवंगतेल पाण्यात मिसळत नाही, ते आधी नऊपट इथेनॉलमध्ये घोळून घ्यावं लागतं. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावर आणखी १० मिनिटं मासा त्याच पाण्यात राहू द्या.

ऊती नेहमी उजव्या बाजूच्या घ्या. एकतर उजवा श्रोणिपर (पोटाखालचा पर), नाहीतर पाठीच्या उजव्या स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा. मोजमापं आणि चित्रं जगभर डाव्या बाजूची असतात, म्हणून डावी बाजू अखंड ठेवायची. तुकडा ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये, त्याच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रवात बुडवा. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण पहिल्या दिवशी ऊतीतलं पाणी त्यात उतरलेलं असतं. कुपीवरचा क्रमांक आणि माशाला बांधलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक एकच हवा. हा दुवा तुटला की डीएनए कुठल्या माशाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग फॉर्मॅलिन. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. त्यात संगमरवराचे दोन-चार तुकडे टाकून ठेवा, नाहीतर फॉर्मॅलिन आम्लधर्मी होऊन हाडं झिजवतं, आणि कॅटफिशची ओळख अर्धीअधिक हाडांवरच असते. मासा आधी ताटात सरळ ठेवा, पर उघडा, त्यांवर ब्रशने फॉर्मॅलिन लावा आणि दहा मिनिटं थांबा. पर त्याच अवस्थेत ताठ होतात. घाईने बाटलीत कोंबलेला मासा कायमचा वाकतो आणि वाकड्या माशाची लांबी मोजता येत नाही. १० सेंटिमीटरहून मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडून चीर द्या किंवा आत सुईने फॉर्मॅलिन भरा, नाहीतर तो आतून कुजतो. लहान मासे दोन-तीन दिवसांत तयार होतात, मोठ्यांना आठवडा-दोन आठवडे लागतात. नंतर एक-दोन दिवस पाणी बदलत धुवा आणि आधी ३५, मग ५०, शेवटी ७० टक्के इथेनॉलमध्ये हलवा. सरळ ७० मध्ये टाकलेला छोटा मासा आक्रसतो.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि लेझर प्रिंटची अक्षरं सुटून तळाशी बसतात. चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, नदी, तिचं मुख्य खोरं, तारीख, पकडणाऱ्याचं नाव आणि साधन हवंच. तळाला वाळू होती की गोटे, प्रवाह किती होता, मासा दगडाखाली होता की पाल्यात, हे वहीत लिहा. पुढे दोन सारख्या जाती वेगळ्या करताना या नोंदी अनपेक्षितपणे कामी येतात.

काट्यांबद्दल सावध राहा. वक्षपराचा आणि पृष्ठपराचा काटा मासा ताठ करून कुलूप लावल्यासारखा अडकवतो. पृष्ठपराचा मोठा काटा जोराने दाबून बसत नाही, मोडतो. त्याच्या पुढ्यात एक बुटका काटा असतो, तो दाबला की कुलूप सुटतं आणि मोठा काटा आपोआप झुकतो. हेटेरोप्न्यूस्टिससारख्या माशांच्या वक्षपराच्या काट्यात विष असतं. टोचलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

आधी कुल, मग प्रजाती

कुल ओळखायला सूक्ष्मदर्शकाची गरज फारशी पडत नाही. सगळं अंग हाडांच्या तकट्यांनी मढलेलं आणि खालच्या बाजूला चोषक तोंड असेल तर लोरिकॅरिडी. कुशीला डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या तकट्यांच्या दोनच रांगा असतील तर कॅलिक्थिडी, मधोमध काटेरी तकट्यांची एकच ओळ असेल तर डोरॅडिडी. ही तिन्ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, पहिली दोन मध्य अमेरिकेतही. खालच्या जबड्याच्या मिशांना फांद्या फुटलेल्या असतील तर आफ्रिकेतलं मोकोकिडी. पृष्ठपर डोक्यामागून जवळपास शेपटीपर्यंत आणि त्याला काटा नाही, तर क्लॅरिडी. गुदपर लांबच लांब, मेदपर (पाठीवर शेपटीजवळ असणारा मांसल पर) नाही, पृष्ठपर इवलासा किंवा अजिबात नाही, तर सिल्युरिडी. छातीवर चिकटून बसण्यासाठी कातडीच्या घड्या असतील तर सिसोरिडी. आशियातला मासा, मिशांच्या चार जोड्या, पृष्ठपराला दणकट काटा आणि मेदपरही असेल तर बहुधा बॅग्रिडी.

इथेच एक मोठा सापळा आहे. तुमच्या आशियाई नदीत तकट्यांचा, चोषक तोंडाचा मासा सापडला, तर तो नवीन नाही, पाहुणा आहे. टेरिगोप्लिक्थिस ही दक्षिण अमेरिकी प्रजाती मत्स्यालयांतून सुटून उष्ण प्रदेशातल्या असंख्य नद्यांत पसरली आहे. तिच्या पृष्ठपरात काट्यामागे ९ ते १४ शलाका असतात, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या हायपोस्टोमसमध्ये साधारण ७. शलाका म्हणजे पराला ताणून धरणाऱ्या काड्या. त्यात ही मंडळी बाहेरच्या नद्यांत आपसांत संकर करतात, म्हणून पोटावरची नक्षी दोन जातींच्या मधली दिसते आणि बघणाऱ्याला नवीन जात सापडल्याचा भास होतो.

मत्स्यालयाच्या व्यापारातून आलेल्या माशावर नवी जात उभी करू नका. त्याचं मूळ ठिकाण कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मत्स्यशेतीत संकर झालेले असतात, मिशा टोकदार खडीवर झिजलेल्या असतात. व्यापारातले एल-क्रमांकही जातींची नावं नव्हेत. जर्मनीतल्या डाट्झ मासिकाने १९८८ पासून अनोळखी लोरिकॅरिडींना हे क्रमांक द्यायला सुरुवात केली. एल ०४६ हा मासा १९९१ मध्ये हिपॅन्सिस्ट्रस झेब्रा या नावाने नवी जात ठरला हे खरं. पण एल ०१८, एल ०८५ आणि एल १७७ हे तिन्ही क्रमांक २०११ मध्ये एकाच जातीत, बॅरिअँसिस्ट्रस झँथेलसमध्ये, जाऊन बसले. वेगळी ठिकाणं, वेगळी वयं, मासा एकच.

जुन्या नावांची वही

प्रजाती ठरली की कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा एश्मायर मत्स्य-कॅटलॉग उघडा. त्या प्रजातीखाली आजवर दिलेलं प्रत्येक नाव उतरवून घ्या. आज वैध असलेली नावं तर घ्याच, समानार्थी म्हणून बाजूला टाकलेलीही घ्या. नवशिके इथे चुकतात. वैध जातींशी तुलना करून मासा नवा ठरवतात, आणि मग कुणीतरी दाखवून देतं की १८४०च्या सुमाराचं अमुक नाव याच माशाचं होतं, ते फक्त चुकीने दुसऱ्या जातीत विलीन केलेलं होतं. अशा वेळी जुनं नाव जिवंत होतं आणि तुमचं नाव समानार्थी यादीत जाऊन पडतं.

प्रत्येक नावापुढे चार रकाने करा: मूळ ठिकाण, मूळ वर्णन वाचलं का, टाइप नमुना (नाव देताना ज्या माशाला ते बांधलं तो मूळ मासा) कुठे आहे, आणि फुली कशाच्या जोरावर मारली. मूळ वर्णनं वाचायचीच. नंतरच्या ओळखपत्रिकांवर (लक्षणांवरून जात ओळखायच्या तक्त्यांवर) विसंबलात तर मधल्या शंभर वर्षांतल्या चुका तुमच्या वहीत येतात. जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतात. टाइप नमुन्याचे फोटो आणि एक्स-रे संग्रहालयाला मागा. शोधाचं कारण नीट लिहिलं तर बरीच संग्रहालयं ते देतात.

क्लॅरिअस बॅट्रॅकसचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं हे नाव दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या कितीतरी मांगुरांना सरसकट चिकटवलं जायचं. २००८ मध्ये जावामधला एक मासा निओटाइप म्हणून निश्चित झाला, म्हणजे हरवलेल्या मूळ नमुन्याच्या जागी बसवला गेला, आणि नाव जावाच्या माशाला बांधलं गेलं. भारतातल्या मांगूरला मग नवं नाव द्यावं लागलं नाही. गंगेच्या माशांवर पुस्तक लिहिणाऱ्या हॅमिल्टनने १८२२ मध्ये दिलेलं मागूर हे नाव तयारच होतं: क्लॅरिअस मागूर. एवढा ओळखीचा मासा, पण त्याचं खरं नाव कितीतरी वर्षं अडगळीत पडून होतं.

हॅमिल्टनसारख्या जुन्या अभ्यासकांच्या बऱ्याच जातींचे टाइप नमुने आज उपलब्धच नाहीत. तिथे एकच उपाय उरतो. मूळ वर्णनात सांगितलेल्या ठिकाणाहून ताजे मासे आणायचे आणि तुमच्या माशाच्या शेजारी ठेवून मोजायचे. हा खर्चाचा आणि कंटाळवाणा भाग आहे, पण तो टाळलेले लेख दहा वर्षांत कोसळतात.

कॅलिपर, सुई आणि तिरपा उजेड

०.१ मिलिमीटर दाखवणारा डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, दोन बारीक सुया, चिमटा आणि दिशा बदलता येणारा दिवा एवढ्यात बहुतेक काम होतं.

प्रमाणित लांबी म्हणजे मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या हाडापर्यंतची लांबी, त्यात पुच्छपर धरायचा नाही. ते हाड सापडायला शेपटी हलकेच बाजूला दुमडा. जिथे सुरकुती पडते ती जागा. सगळी अंतरं बिंदूपासून बिंदूपर्यंत सरळ मोजा, शरीराच्या वळणावरून टेप फिरवू नका. धडावरची मापं प्रमाणित लांबीच्या टक्क्यांत आणि डोक्यावरची, म्हणजे डोळा, मुस्कट, दोन डोळ्यांमधलं अंतर, मिशा ही डोक्याच्या लांबीच्या टक्क्यांत द्या.

मोजणीची स्वतःची चूक आधी काढा. पाच मासे घ्या, तीन वेगवेगळ्या दिवशी, आधीचे आकडे न बघता मोजा. एखाद्या मापात तुमच्याच तीन आकड्यांत ३ टक्क्यांचा फरक पडत असेल, तर दोन जातींतला २ टक्क्यांचा फरक हा फरकच नव्हे. शेपटीच्या दांड्याची उंची सहसा पक्की येते. मिशांची लांबी सर्वांत बेभरवशाची असते, कारण जपलेल्या मिशा आक्रसतात, गुंडाळतात, तुटतात. मिशी किती मिलिमीटर आहे यापेक्षा ती मागे ओढली तर कुठवर पोचते हे लिहा: वक्षपराच्या मुळापर्यंत, श्रोणिपरापर्यंत की गुदपराच्याही पुढे.

वक्षपराचा काटा एकदा नीट बघू. मासा डाव्या कुशीवर प्रकाश पडेल असा ठेवा आणि काट्याच्या मागच्या कडेवरून सुईचं टोक मुळापासून टोकाकडे सावकाश न्या. कातडीखाली लपलेले दातेही सुईला अडतात, नुसत्या डोळ्यांनी ते चुकतात. पुढच्या कडेलाही तशीच सुई फिरवा. काही जातींत ती गुळगुळीत असते, काहींत बारीक करवतीसारखी, काहींत फक्त टोकाकडे खडबडीत. टोकाचा मऊ, खंडाखंडांचा भाग मोजायचा नाही. डावा आणि उजवा दोन्ही काटे मोजा, कारण एकाच माशात दोहोंत एक-दोन दात्यांचा फरक नेहमीचाच. आणि मासा वाढतो तसे दातेही वाढतात, म्हणून ६० मिलिमीटरच्या माशाचे दाते १५० मिलिमीटरच्या माशाशी तोलू नका.

ग्लिप्टोथोरॅक्ससारख्या डोंगरी ओढ्यांतल्या माशांत छातीवरचं चिकट उपकरण निर्णायक असतं. ओल्या माशावर ते दिसतच नाही, नुसती चकाकी दिसते. टिपकागदाने छाती कोरडी करा, हवेचा हलका झोत सोडा आणि दिवा अगदी आडवा लावा. घड्या सावल्यांसकट वर येतात. आता बघा: घड्या तिरप्या की उभ्या, मधे खोलगट मोकळी जागा आहे की नाही, ती मागे उघडी की बंद, घड्या कल्ल्यांच्या पडद्यापर्यंत गेल्यात का. वक्षपराच्या काट्याच्या खालच्या कातडीलाही घड्या आहेत का, तेही तपासा. हे सगळं दोन मिनिटांत उरका, कोरडा पडलेला मासा खराब होतो.

बॅग्रिडींत लक्ष वेगळीकडे जातं. मेदपर कुठे सुरू होतो, पृष्ठपराला भिडतो की मधे अंतर आहे, त्याचा तळ किती लांब. कवटीच्या मधली फट कुठवर जाते. कवटीच्या मागून निघणारा हाडाचा फाटा पृष्ठपराच्या तळाच्या हाडाला टेकतो की अलीकडेच थांबतो. सुईने चाचपलं की कळतं. पहिल्या कल्ल्यावरच्या काटक्याही मोजा. लोरिकॅरिडींत कुशीच्या तकट्या, दोन्ही जबड्यांवरचे दात आणि पोट तकट्यांनी भरलंय की मोकळं, हे बघायचं.

मणके मोजायला एक्स-रे लागतो. कॅटफिशमध्ये पुढचे मणके ऐकण्याच्या वेबर उपकरणात जुळून गेलेले असतात. ते पाच धरून मोजायचे असा रिवाज आहे, पण सगळे तो पाळत नाहीत. शिवाय शेपटीच्या टोकाचा जुळलेला मणका एक धरायचा. तुमची पद्धत लिहा आणि ज्याच्या आकड्यांशी तुलना करता त्याची पद्धत तपासा, नाहीतर नुसत्या मोजणीतून पाच मणक्यांचा ‘फरक’ जन्माला येतो. आतल्या हाडांसाठी एक-दोन नमुने पारदर्शक करून अ‍ॅलिझरिन रेडने हाडं आणि अल्शन ब्लूने कूर्चा रंगवतात. मायक्रो-सीटी मिळत असेल तर नमुना न बिघडवता तेच काम होतं. मेक्सिकोतल्या चियापासमधला लॅकँटुनिया एनिग्मॅटिका २००५ मध्ये फक्त नवी जात ठरला नाही, सांगाड्याने त्याला स्वतंत्र कुलात नेऊन बसवलं.

वय, लिंग, रंग

पिल्लांचे डोळे शरीराच्या मानाने मोठे असतात, म्हणून मोठ्या डोळ्यांची ‘नवी जात’ हा जुनाच विनोद आहे. प्रत्येक गुणोत्तर प्रमाणित लांबीसमोर आलेखावर मांडा. दोन गटांचे ठिपके एकाच रेषेवर, एकाचे खाली आणि एकाचे वर असतील, तर ती वाढ आहे. दोन वेगळ्या, समांतर रेषा दिसल्या तर पुढे चला. सरासरीतल्या फरकावर जात उभी राहत नाही, पल्लेच एकमेकांत शिरता कामा नयेत.

नर आणि मादी वेगळे करून ठेवा. अँसिस्ट्रसच्या प्रौढ नराच्या मुस्कटावर फांद्यांसारखे मांसल कोंब येतात, मादीला ते अगदी छोटे असतात किंवा नसतातच. बऱ्याच लोरिकॅरिडींत विणीच्या काळात नराच्या गालांवर किंवा वक्षपराच्या काट्यावर त्वचादंतांचे (कातडीवरच्या दातांसारख्या काट्यांचे) झुबके वाढतात आणि नंतर कमी होतात. मिस्टससारख्या माशांत नराचा जननांकुर (गुदद्वारामागचा मांसल कोंब) लांब, टोकदार असतो, बाहेरूनच दिसतो.

रंगावर नुसता भरवसा ठेवू नका, आणि नुसता टाकूनही देऊ नका. गढूळ पाण्यात मासे फिके पडतात, काळ्या तळावर गडद होतात, घाबरले की पट्टे पुसट होतात. उलट कोरिडोरसच्या गटात एकाच नदीत, एकाच थव्यात, एकच नक्षी असलेले पण वेगळ्या वंशावळीचे मासे एकत्र फिरतात. एकाचं मुस्कट लांब, दुसऱ्याचं आखूड, काळी पट्टी मात्र हुबेहूब. रंगावर विसंबणारा माणूस तिथे दोन जातींना एक समजतो. २०२४ मध्ये या मोठ्या गटाची अनेक प्रजातींत विभागणी झाली, तेव्हा जुन्या पुस्तकांतली नावं शोधताना दोन्ही नावं बघा.

डीएनए काय सांगतो, काय नाही

सुरुवातीला सीओआय या मायटोकाँड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातल्या) जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. माशांसाठी फिशएफ१ आणि फिशआर१ हे प्रायमर (तुकड्याची दोन टोकं पकडणारे छोटे डीएनए) रुळलेले आहेत. प्रत्येक ठिकाणचे निदान पाच मासे घ्या, आणि तुलनेच्या जातींचे, शक्य तर त्यांच्या मूळ ठिकाणांचे.

अनुक्रम हातात आला की आधी त्याचं प्रथिनात भाषांतर करून बघा, आणि ते करताना कशेरुकींचा मायटोकाँड्रियल संकेत निवडा. साधा संकेत ठेवला तर टीजीए हे अक्षरत्रिक थांब्याची खूण म्हणून दिसतं आणि चांगला अनुक्रम फेकला जातो. योग्य संकेतातही मधेच थांबा आला, किंवा आलेखात एका जागी दोन शिखरं दिसली, तर केंद्रकात शिरलेली जनुकाची निकामी प्रत वाचली गेली असावी, किंवा भेसळ झाली असावी.

‘दोन टक्के फरक म्हणजे वेगळी जात’ हा नियम नाही, ती फक्त दिवा पेटल्याची खूण आहे. नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींत फरक एक टक्क्याहूनही कमी असतो. उलट धबधब्यांनी तुटलेल्या एकाच जातीच्या वस्त्यांत तो दोनच्या वर जातो. गटाच्या आतला सर्वांत मोठा फरक आणि शेजारच्या जातीशी असलेला सर्वांत छोटा फरक, या दोन आकड्यांत दरी आहे का ते बघा. मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, जुन्या संकरातून तो दुसऱ्या जातीचाही असू शकतो. म्हणून रॅग१ किंवा रॅग२ सारखं एखादं केंद्रकी जनुक जोडीला घ्या. आणि सार्वजनिक अनुक्रम-साठ्यातल्या माशाच्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ज्या अनुक्रमामागे संग्रहालयातल्या नमुन्याचा क्रमांक नाही, त्याचं नाव म्हणजे पाठवणाऱ्याचा अंदाज.

कधी डीएनएच पुढे येतो. केरळच्या जांभ्या दगडाखालच्या पाण्यात राहणारे होराग्लॅनिस हे आंधळे, तांबडे, बोटापेक्षा लहान मासे बाहेरून जवळजवळ एकसारखे असतात. २०२३ मध्ये होराग्लॅनिस पॉप्युली ही जात मुख्यतः जनुकीय फरकांच्या आधारे वेगळी केली गेली. विहिरींतून मासे मिळाल्याची माहिती देणाऱ्या सामान्य लोकांवरून तिचं नाव ठेवलं गेलं. पण हा अपवादातला मार्ग आहे. जिथे काटे, मिशा, दात, मणके बोलतात तिथे नुसत्या डीएनएवर जात मांडू नये.

निर्णय आणि नाव

आता एक तक्ता करा. आडव्या ओळींत खोऱ्यातल्या आणि शेजारच्या खोऱ्यांतल्या सगळ्या जाती, उभ्या रकान्यांत लक्षणं. शक्य तितके आकडे स्वतः मोजलेले हवेत. प्रत्येक ओळीत तुमच्या माशापासून वेगळं करणारी निदान दोन स्वतंत्र लक्षणं सापडली पाहिजेत. मेदपर लांब आणि मेदपर ते पुच्छपर अंतर कमी, ही दोन लक्षणं नव्हेत, एकाच गोष्टीची दोन तोंडं आहेत.

निदानाचं वाक्य असं नको: ‘शरीर सडपातळ, डोळे मोठे, मिशा लांब.’ असं हवं, समजा: ‘मेदपराच्या तळाची लांबी प्रमाणित लांबीच्या २८ ते ३३ टक्के (अमुक जातीत १८ ते २२), वक्षपराच्या काट्याच्या मागे ९ ते ११ दाते (१४ ते १७), आणि कवटीचा फाटा पृष्ठपराच्या तळहाडाला टेकलेला (अंतर आहे).’

तक्त्यात एखाद्या जातीची ओळ रिकामी राहिली तर नाव देऊ नका. मासा कुणासारखा दिसतो पण खात्री नाही, तर नावात ‘सीएफ.’ लावा, जवळचा पण नक्की वेगळा वाटतो, तर ‘अ‍ॅफ.’. अशी प्रामाणिक नोंद छापली तर पुढच्याला उपयोगी पडते.

ओळी भरल्या, फुल्या झाल्या, तर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेकडे या. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव नवीन आहे हे लेखात स्पष्ट लिहायचं, एकच होलोटाइप (नाव ज्या एका माशाला बांधलं जातं तो) नेमायचा आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते सांगायचं. होलोटाइप निवडताना अखंड मिशांचा, उघड्या परांचा, प्रौढ मासा घ्या. त्याचाच डीएनए वाचलेला असेल तर फारच चांगलं. बाकीचे मासे, म्हणजे पॅराटाइप, किमान दोन संस्थांत वाटा, एका ठिकाणी आग किंवा पूर आला तरी काही उरतं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे त्याआधी झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आणि लेखात तिचा पुरावा लागतो. नुसत्या नोंदणीने नाव वैध होत नाही. आणि लेख छापून येईपर्यंत ते नाव प्रबंधात, भाषणात, समाजमाध्यमांवर कुठेही टाकू नका.

पुरुषाच्या नावावरून जात ठेवली तर शेवट ‘-आय’, स्त्रीच्या नावावरून ‘-ए’, अनेक पुरुषांच्या किंवा स्त्री-पुरुषांच्या मिळून नावावरून ‘-ओरम’, फक्त स्त्रियांच्या असेल तर ‘-आरम’. विशेषण वापरलं तर त्याचं लिंग प्रजातीच्या लिंगाशी जुळवा. स्वतःचं नाव माशाला देऊ नका. संहिता तसं करायला मनाई करत नाही, पण लोक हसतात.

लेख निघाल्यावर होलोटाइपच्या बाटलीत संग्रहालयाच्या पद्धतीची चिठ्ठी, बहुतेक ठिकाणी लाल, घातली गेली का ते बघा. अनुक्रम-साठ्यात ‘जात अनिश्चित’ म्हणून टाकलेल्या नोंदींवर नवं नाव आणि नमुन्याचा क्रमांक चढवून घ्या. संग्रहातल्या इतर बाटल्यांत जुन्या, चुकीच्या नावाखाली त्याच जातीचे मासे पडलेले असतील. ती यादीही संग्रहपालांकडे पाठवा.